दहाव्या पोत्याचा आवाज

बाबा मार्केट यार्डात हमाल होते. पहाटेपासून पाठीवर कांद्याची पोती. आई मिरचीच्या गाळ्यावर देठं खुडायची. बोटांची आग जायची नाही, म्हणून लहानपणी तिने माझ्या गालाला कधी हात लावला नाही. बिबवेवाडीत एक खोली. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते.

आणि हेही आधीच सांगते — आम्ही बौद्ध. भूतखेत, अंगात येणं, असलं सगळं आजोबांच्या वेळेलाच घराबाहेर गेलं. कुणी असले किस्से सुरू केले की मी चहा संपवून उठते. आज मीच सांगतेय...

यार्डात पोती मोजताना जुने हमाल 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... बाबांनी त्यात स्वतःची भर घातली होती. मी बारावी पास झाले त्या दिवसापासून दहाच्या जागी ते म्हणायचे, "मनी कॉलेजात." म्हणजे नऊ, मग घशाचा एक खाकरा, मनी कॉलेजात, अकरा. बाकीचे हमाल हसायचे. बाबा थप्पी लावत राहायचे.

ॲडमिशनच्या दिवशी माझा एक दाखला घरी राहिला. बाबा कामावरून तसेच घरी जाऊन तो घेऊन आले, खांद्यावर रिकामं पोतं. गेटवर टेबल टाकून एक सीनियर बसला होता — त्याला इथे वेदांग म्हणू. तो न उठता म्हणाला, "हमालांना मागचं गेट आहे." चारजण हसले. मी रांगेतून सगळं बघत होते. बाबा वळसा घालून मागून आले, दाखला दिला आणि "जरा लांब पडलं" एवढंच म्हणाले.

मी ते विसरले नाही. मला विसरायचंही नव्हतं.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार मिळतो. गेल्या वर्षी टाइम ट्रॅव्हलच्या एका मालिकेचं वेड लागलं आणि मी तिच्या फॅन ग्रुपमध्ये शिरले. तिथे एकेका किरकोळ वाक्यावर दोन-दोन दिवस काथ्याकूट चालायचा. ॲडमिन कोण? वेदांग. फोटोवरून लगेच ओळखला. त्याने मला ओळखायचा प्रश्नच नव्हता, त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं.

सहाव्या भागात नायक भूतकाळातल्या एका बाजारात अडकतो. एक म्हातारी त्याला सांगते, आत थप्पी लागतेय ती ऐक. जितकी पोती, तितक्या वर्षांनी तुझं दार उघडेल. पोती दिसत नाहीत. मागून नुसता आवाज येतो. लाभ, दोन, तीन... नऊ. खाकरा. मनी कॉलेजात. अकरा, बारा.

रविवारची दुपार होती. आई शेजारी मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"खाकरासुद्धा त्यांचाच," ती म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बरं, भास म्हणावा, तर ग्रुपवरही सगळ्यांनी तेच ऐकलेलं! वेदांगने तर सिद्धांतच मांडला — 'लाभ' आणि 'मनी कॉलेजात' हे आकडे नाहीत, म्हणजे पहिलं आणि दहावं वर्ष काळातून गहाळ झालंय. नायक दहा वर्षांनी परतणार. लोकांनी टाळ्यांचे इमोजी ओतले.

मी लिहिलं, पोती बारा आहेत. यार्डात लाभ म्हणजे एक.

त्याने विचारलं, "आणि 'मनी कॉलेजात' म्हणजे दहा, हेही यार्डातच शिकवतात वाटतं?"

"हो. एकच माणूस म्हणायचा."

यावर त्यानेच पैज लावली. हरेल त्याने फॅन मीटला उभं राहून ती मोजणी जशीच्या तशी म्हणायची, 'हमाल स्टाइलमध्ये'. मी नुसता अंगठा टाकला.

शेवटच्या भागात दार उघडलं. बारा वर्षांनी.

मीट खराडीतल्या एका कॅफेत होती, चाळीसेक जण. वेदांग हसत हसत उठला, म्हणाला, आता कशाला ते, गंमत होती. मी त्याला कॉलेजचं नाव सांगितलं. गेट सांगितलं, टेबल सांगितलं. म्हटलं, मनी म्हणजे मी, आणि तुम्ही मागच्या गेटाने पाठवलेला माणूस माझा बाप.

"मला खरंच आठवत नाही," तो म्हणाला.

"मला आठवतं. मोजा."

त्याने मोजलं. नवावर अडखळला. कुणी हसलं नाही. मग खाली बघत म्हणाला, "मनी कॉलेजात." पुढे अकरा. बारा. मी शेवटपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

ग्रुपमधल्या एकीची बहीण त्या मालिकेच्या साउंड टीममध्ये आहे. तिला विचारलं. स्क्रिप्टमध्ये साधं एक ते बारा आहे म्हणे. आवाज स्टुडिओत दोन कलाकारांनी दिले; दोघंही म्हणतात, हे आम्ही बोललोच नाही. दोघंही यार्डात कधी गेलेले नाहीत. मालिका लिहून झाली तेव्हा बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मग तो आवाज कुणाचा? टेस्टर म्हणून सगळं तपासून झालं. उत्तर नाही.

ज्याने माझ्या बापाला मागच्या गेटाने पाठवलं, त्याने चाळीस माणसांसमोर उभं राहून माझ्या बापाची बारा पोती मोजली. एवढं मात्र झालं.