तिसरा मजला, दार उघडा

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक होते, शर्टावर शिंतोडे उडाले होते, आणि ते दबक्या पावलांनी जिना चढत म्हणत होते, "ये बाहेर, काही करत नाही मी!" मी घाईघाईने दाराला खालची कडी, वरची कडी, साखळी असं सगळं लावलं आणि मृत्युपत्र करायचं राहून गेल्याबद्दल हळहळलो. इतक्यात दार उघडं असताना कधीतरी आत शिरलेली साडेतीन वर्षांची एक मुलगी माझ्याच चपलांच्या कपाटातून म्हणाली, "काका, गेलं का बीट?"

मिस्त्री शेजारीच नव्याने राहायला आले होते. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी लेकीला भरवायचं, कारण बायको नर्स, तिची ड्युटी दुपारनंतरची. डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीचं वजन फार कमी आहे. बिस्किटं बंद, भाज्या सुरू, तीन महिन्यांत किलोभर वाढलं पाहिजे. लिफ्ट अडकली तर माणसं तासाभरात सुटतात. मिस्त्री अडकले ते अडकलेच.

चिऊ-काऊचे घास पहिल्या आठवड्यातच संपले. मग त्यांनी आपली विद्या पणाला लावली. चमचा म्हणजे लिफ्ट. "तिसरा मजला! दार उघडा!" दोन दिवस दार उघडलं. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "लिफ्ट बंद आहे. मिस्त्रीला बोलवा."

बाप बिचारा उठला, हत्यारांच्या पेटीतून पाना काढून तिच्या गालाशी फिरवला. "घ्या बाईसाहेब, झाली सुरू."

"नाही झाली. पार्ट मिळत नाही. सोमवारी बघू."

हे ती बापाच्याच फोनवरच्या बोलण्यातून शिकली होती. दोष देणार कोणाला?

एका संध्याकाळी मी त्यांचा स्क्रूड्रायव्हर परत द्यायला गेलो. दार लोटलेलं होतं. दिवसभर अकरा मजले पायी चढउतार केलेले मिस्त्री टेबलाशी बसल्या बसल्या झोपले होते, हातात चमचा तसाच. आणि लेक त्यांच्या ताटातला एकेक वाटाणा टिपून खात होती. वाटाणे संपले, गाजर सुरू झालं. मला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला काका. बाबा उठले तर भरवतील."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "अहो, तिच्यासमोर ताट ठेवा, तुम्ही जेवा आणि गप्प बसा."

"गप्प म्हणजे?"

"गप्प म्हणजे गप्प."

त्या संध्याकाळी पोरीने गाजराचा तुकडा उचलला मात्र, मिस्त्री टाळ्या पिटत ओरडले, "शाब्बास माझी वाघीण!" वाघिणीने तुकडा खाली ठेवला.

शेवटी रोज झोपेचं सोंग घ्यायचं ठरलं. सोंग कसलं, दुसऱ्या मिनिटाला माणूस खरंच घोरायला लागायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, आता हेच उपाशी राहतात. ताट ती साफ करते."

तीन महिन्यांनी तिघं डॉक्टरांकडे गेले. मिस्त्रींनी नवा शर्ट घातला होता. पोरीचं वजन सातशे ग्रॅमने वाढलं होतं. किलोभर हवं होतं. पुन्हा तीन महिन्यांनी बोलावलंय.