अनवाणी त्र्यंबक मास्तर

त्र्यंबक मास्तर डोंबिवलीच्या शाळेत व्याकरण शिकवत आणि पहाटे अनवाणी धावत. पायाला माती कळली पाहिजे, असं ते मुलांना सांगत. शाळेत जाताना मात्र पायात वहाणा असत, त्याही तेलपाणी केलेल्या.

१९५२च्या दसऱ्यापासून त्या वहाणा सुटल्या. दसऱ्याला ठाकुर्लीच्या फाटकापासून गणपतीच्या देवळापर्यंत गावची शर्यत असे आणि पहिले मास्तरच येत. त्या वर्षी त्यांचा मेहुणा विश्राम, बायको प्रमोदिनीचा धाकटा भाऊ, रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घालून उतरला आणि सहज पुढे गेला. देवळापाशी चारचौघांत म्हणाला, "भावोजी, बूट घ्या की एक जोड! का ताईला माहेरून आणायला सांगू?"

लोक हसले. प्रमोदिनीने पुढे केलेल्या वहाणा मास्तरांनी पायाने दूर लोटल्या. "याला मागे टाकीन, तेव्हाच पायात वहाण घालीन."

विश्रामने हे ऐकलं आणि धावणंच सोडलं. पुढच्या दसऱ्याला तो इस्त्रीची पँट घालून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मास्तर पहिले आले तेव्हा सावकाश टाळ्या वाजवत म्हणाला, "वा भावोजी! पण मी कुठे धावत होतो?"

मास्तर वर्गात अनवाणी, लग्नकार्यात अनवाणी, वैशाखात तापलेल्या खडीवरही अनवाणी. हेडमास्तर चिडले, नातलग कुजबुजले, प्रमोदिनीने त्यांच्याबरोबर कुठे जाणंच बंद केलं. मास्तर रागारागाने आणखी धावू लागले. मग उजवं पाऊल सुजलं.

"हाडाला चीर गेलीय," डॉक्टर म्हणाले. "जाड तळव्याचा बूट घाला आणि धावणं बंद. नाहीतर कायमचे लंगडाल."

"आधी शर्यत," मास्तर म्हणाले.

प्रमोदिनी ठाण्याला भावाकडे गेली. "अरे, एकदा धाव आणि हर. त्यांचा पाय जाईल."

"मॅट्रिकला नापास झालो तेव्हा भरल्या पंगतीत मला ठोंब्या म्हणाले होते. तेव्हा तू कुठे होतीस, ताई?" विश्राम म्हणाला. मग म्हणाला, "येतो. पण हरणं कसं, ते माझं मी ठरवीन."

रविवारी सकाळी दोघे फाटकापासून सुटले. विश्राम खूप पुढे गेला. देवळाच्या अलीकडे मोरीच्या कठड्यावर बसला आणि रुमालाने बूट पुसू लागला. मास्तर एक पाय जेमतेम टेकवत आले.

"जा भावोजी, जा पुढे. सोडलं तुम्हाला."

मास्तर थांबले. "ऊठ."

"दमलो बुवा."

"ऊठ, ठोंब्या!"

"बघा लोकहो, जिंकतायत तरी शिव्या देतायत."

देवळाच्या पायरीवरून प्रमोदिनी ओरडली, "अहो, टाका ना पाऊल! चार पावलं राहिलीत!"

"तुझा भाऊ भीक घालतोय," मास्तर म्हणाले आणि कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

ऊन चढलं. जमलेली माणसं कंटाळून पांगली. अखेर विश्राम उठला, पँट झटकली आणि देवळाकडे न जाता स्टेशनच्या वाटेला लागला. मास्तरही उठले, पण उजवा पाय भार घेईना. प्रमोदिनी धावत आली, तिने खांदा पुढे केला. त्यांनी तिचा हात झटकला.

त्यानंतर ते कधी धावू शकले नाहीत. घराची जवळची वाट देवळावरूनच, म्हणजे शर्यतीच्या शेवटावरूनच, जात होती. त्या दिवशी ती सोडून, कुंपणं धरत, मास्तर आल्या वाटेने उलटे ठाकुर्लीकडे निघाले. प्रमोदिनी त्यांच्यामागे गेली नाही.