डोपवाले साहेब हट्ट्याला येतात

कबड्डीच्या टीमसोबत फिरलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. मैदानातल्या मातीसारखे ते पँटीला चिकटून घरी येतात. मी हट्टा गावच्या टीमचा मॅनेजर, म्हणजे पाण्याचे जार आणि भांडणं सांभाळणारा. यंदा आमचा रेडर विलास मोठ्या लीगच्या निवडीपर्यंत पोचला आणि सरकारचे डोपवाले साहेब, म्हणजे ताकदीची औषधं घेऊन कोण खेळतं ते तपासणारे, गावात यायला लागले. तेव्हापासूनचे किस्से तर विचारूच नका!

*

सरकारनं यात पडावं का, यावर हॉटेलात रोज वाद. आमचे कोच देवराव मामा, म्हणजे विलासचे वडील, ठाम विरोधात. "गोळी खाऊन खेळणारं पोरगं मला पहिल्या उडीत कळतं. सरकारनं काहून तकलीफ घ्यावी? त्यांनी आमच्या मैदानावरची लाईट बघावी."

तेवढ्यात लाईट गेली. त्या दिवशीचा वाद मामांनी जिंकला.

*

लघवीच्या तपासणीत पहिला नंबर लागला आमच्या टीममधल्या तांड्यावरच्या किसनचा. साहेब समोर उभे, नजर बाटलीवर. नियमच तसा. किसनला काही होईना. पाणी झालं, चहा झाला, टरबूज झालं.

शेवटी किसन म्हणाला, "साहेब, शेतात आमी जोडीनं उभं राहतो. एकट्याला न्हाई जमत. तुमीबी या की."

साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. जोडीनं उभं राहू नये, असं त्यात कुठंच नव्हतं.

*

मग साहेब विलासच्या घरी गेले. "काय खाऊ घालता याला?" त्यांनी मामींना विचारलं.

"भाकर, ठेचा, दूध."

"दुधात काही पावडर वगैरे?"

मामींनी गोठ्याकडं बोट दाखवलं. "म्हैस तिथं बांधलीय. घ्या तिचीबी बाटली भरून."

साहेबांनी चहा बिनदुधाचा मागितला.

*

निवडीचा दिवस. वसमतच्या मैदानावर विलासनं अशा रेड मारल्या की लीगच्या लोकांनी त्याला तिथंच पसंत केलं. दोन महिन्यांत खांदेही असे भरले होते की जुना शर्ट चढेना. जिम अंगी लागली, असं आम्ही म्हणायचो.

मॅचनंतर साहेबांनी चिठ्ठ्या काढल्या. ज्याचं नाव येईल त्याचीच तपासणी, आणि जो सापडेल त्याची लीग संपली. विलासचं नाव आलं नाही. पोरांनी त्याला उचलून घेतलं. मीही नाचलो. आमच्या गावचं पोरगं टीव्हीवर दिसणार, आनंद कुणाला होणार नाही?

फक्त मामा नाचले नाहीत. साहेब गाडीत सामान ठेवत होते, तिथं गेले.

"साहेब, माझ्या पोराची बाटली घेऊन जा."

"काका, त्याचं नाव आलेलं नाही."

मामांनी गाडीचं दार धरून ठेवलं.

"मी बाप हाय. मला त्याला इचारता येईना. तुमी इचारा."