नासिरच्या बैठकीचं छत

अल मन्सूरातून अल वक्राला निघालो तेव्हापासून सासूबाईंची कुरकुर चालू होती. "जुनी घरं बघायला कतारला कशाला यायचं गं? आपल्या नाशकात काय कमी आहेत?" माझा नवरा अभय अल वक्रातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीवर इंजिनिअर आहे. आज तिथल्या मजलिसच्या (पाहुण्यांच्या बैठकीच्या) छताखालचे टेकू काढायचे होते, म्हणून हौसेने आम्हालाही घेऊन निघाला होता.

समुद्रालगतच्या गल्लीत शिरलो आणि सासूबाईंची कुरकुर थांबली. मातकट जाड भिंती, कोरीव दार. आत मान वर केली, तर दनशल (खारफुटीचे वासे) ओळीने मांडून काथ्याने आवळलेले, त्यांवर बांबूच्या पट्ट्यांची वीण. "अगंबाई! छत आहे की सूप विणलंय?" सासूबाई पुटपुटल्या.

घरमालक नासिर जपमाळ ओढत उभा होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई लोग बोलता, सिमेंट डालो. मैं बोला, नहीं. ये मेरा बाबा का छत है." आज छत वाकलं, तर ते उतरवून स्लॅब घालायचा, असं भावांशी ठरलं होतं. बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला होता.

अभयने आम्हाला दाराबाहेर थोपवलं आणि आत कामगारांना हाक दिली, "यल्ला, चला!" एकेक टेकू निघाला. शेवटचा निघाला तशी चिमूटभर माती गळली. सगळे छताकडे बघत होते.

आणि कडकड आवाज झाला!

कामगार बाहेर पळत सुटले. नासिरने डोळेच मिटले. "मागे व्हा!" अभय ओरडला. मी वळून बघते, तर सासूबाईंचे दोन्ही हात कानशिलांवर.

"अहो आई!"

"अगं, इतकं देखणं छत, कुणाची दृष्ट नको लागायला. बोटं मोडली मी."

अभयने दोरी लावून वासे तपासले. छत तसूभरही हललं नव्हतं. मग त्याने ओशाळून नासिरला बोटांचा खुलासा केला. नासिर आधी खो खो हसला, मग "माशाल्ला, माशाल्ला" म्हणत डोळे पुसायला लागला. लगेच भावाला फोन लावला. त्यातलं 'खलास' (विषय संपला) एवढंच मला कळलं, पण तेवढं पुरे होतं.

फोन ठेवून तो सासूबाईंसमोर आला. "अम्मा, एक बार और."

सासूबाई आत गेल्या, छताकडे डोळे भरून पाहिलं आणि पुन्हा कडाकडा बोटं मोडली. या वेळी कुणी पळालं नाही.

परतताना गाडीतही माझ्या डोळ्यांसमोर ते छतच होतं. इतकी वर्षं अभय आणि मी इथे राहतो ते नोकरीच्या करारावर, आज ना उद्या जायचंच म्हणून. इथल्या एखाद्या गोष्टीला काही होऊ नये, असं अगदी आतून मला आज पहिल्यांदाच वाटलं.