मधेच उतरणारे

“मधेच उतरणार असाल तर चढूच नका!”

असं म्हणत बाई कानामागचं पेन काढत आणि समोरच्याच्या छातीवर रोखत. समोरचा बिचारा कुत्र्याचं पिल्लू मागायला आलेला असे. आपण नेमकं कशात चढतोय, हे त्याला कळत नसे.

बाई एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. नाशिक-येवला मार्गावर एकोणीस वर्षं उभ्याने काढलेली. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. गंगापूर रोडला बंगले संपून द्राक्षबागा सुरू होतात, तिथे टाकून दिलेल्या कुत्र्यांचा एक निवारा आहे. तिथल्या कुत्र्यांना घरं मिळवून द्यायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. खरं सांगायचं तर, घरं नाकारायचं.

त्यांचा एकच नियम. कुत्रं हवं असेल तर सलग तीन रविवार यायचं आणि शेड धुवायची. एक रविवार चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिन्ही भरले की बाई स्वतः घर तपासायला जात.

“पहिल्या रविवारी लोक फोटो काढायला येतात,” बाई सांगत. “दुसऱ्या रविवारी बायकोच्या धाकाने. तिसऱ्या रविवारी येतो तो कुत्र्यासाठी.”

आता माझा प्रताप ऐका. मी लग्नांत आणि गणेशमंडळांत सूत्रसंचालन करतो. माईक हातात आला की मी विजेच्या खांबालाही स्थळ आणीन! एका रविवारी बाई भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. निवाऱ्याने तेवढ्यात दत्तक मेळावा भरवला आणि माईक मला दिला. काय रंगलो म्हणून सांगू! लंगड्या कुत्र्याला मी ‘निवृत्त सेनापती’ केलं. काशी नावाच्या तांबड्या, भित्र्या कुत्रीला ‘लाजरी राजकन्या’ केलं. तासाभरात सहा कुत्री गेली. तीन रविवारांचा नियम कोणाला आठवला नाही. मला आठवला होता, पण टाळ्या चालू होत्या.

सोमवारी बाई आल्या. “कांद्याचा लिलाव मांडला होता का, निवेदकसाहेब? बोली लागली, ट्रॉली रिकामी?”

“अहो बाई, सहा घरं मिळाली!”

“सहा गिऱ्हाईकं मिळाली. घरं कुठली?”

महिनाभरात चार कुत्री परत आली. एक म्हणे फार भुंकतो. कुत्रा भुंकतो, ही तक्रार! काशी मात्र परतही आली नाही आणि तिच्या मालकाने फोन उचलणं बंद केलं. बाईंनी माझी बाही धरली आणि आम्ही त्याच्या बंगल्यावर गेलो.

“ती ना, गावाला सोडली,” मालक हसत म्हणाला. “चुलत्यांच्या शेतावर. एकदम मजेत आहे.”

या वाक्याचा मला आजही संताप येतो. नाशिकची जेवढी कुत्री शेतावर मजेत आहेत म्हणतात, तेवढी खरंच असती तर जिल्ह्यात कांदा लावायला वाफा उरला नसता.

“कोणतं गाव?” बाईंनी विचारलं.

“येवल्याकडे.”

“येवल्याकडे कुठे? स्टॉप सांगा.”

“विंचूरच्या… अलीकडे.”

“अलीकडचे सगळे स्टॉप मला झोपेत पाठ आहेत. बोला.”

“आवाज खाली करा, मावशी.”

“मावशी घरी! मी कंडक्टर आहे. स्टॉप बोला!”

आतून त्याची बायको आली आणि खाली बघत म्हणाली, “ढाब्यापाशी सोडली हो. नव्या फरशीवर ओरखडे पडायचे. मी नको म्हणत होते.”

मी काहीतरी जळजळीत बोलणार होतो. बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही बोलूच नका. राजकन्या तुम्ही विकलीत.”

त्या संध्याकाळपासून येवला मार्गावरच्या प्रत्येक कंडक्टरच्या खिशात काशीचा फोटो होता. चौथ्या दिवशी एकाचा फोन आला. निफाडच्या पुढे, पिकअप शेडच्या बाकाखाली तांबडी कुत्री आहे, कोणाला जवळ येऊ देत नाही. बाई गेल्या, त्या बाकाशेजारी जमिनीवर बसल्या आणि दुपार ढळेपर्यंत बसून राहिल्या. मग काशीने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकली.

मी म्हणालो, “बाई, काशीला मी नेतो. चूक माझी आहे.”

“पश्चात्तापावर कुत्रं पाळू नका. पश्चात्ताप दोन महिन्यांत ओसरतो, कुत्रं दहा वर्षं जगतं. तीन रविवार या.”

दोन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी सिडकोत लग्न होतं, सुपारी आधीच घेतलेली.

“पहिल्यापासून,” बाई एवढंच म्हणाल्या. मी चिडलो. महिनाभर तिकडे फिरकलो नाही. कसला ताठा होता तो माझा!

त्याच महिन्यात बाई गेल्या. हृदयविकाराचा झटका.

मी निवाऱ्यात गेलो, तर तिथला व्यवस्थापक म्हणाला, “सर, तुम्ही ओळखीचे. घेऊन जा काशीला आजच.” मी इतका ओरडलो की सगळ्या शेडमधली कुत्री भुंकायला लागली. मग झाडू उचलला आणि तो रविवार पहिला धरला.

तिसऱ्या रविवारी काशीला घरी आणायचं होतं. त्याआधी बाई स्वतः घर बघायला यायच्या, कपाटामागे, जिन्याखाली, गच्चीच्या कठड्यापर्यंत. आता कोणीच येणार नव्हतं. तरी मी सकाळी उठून गच्चीच्या कठड्याला जाळी ठोकली, जिन्याखालचा पसारा काढला आणि दार उघडं ठेवून बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.