'जा' न म्हणणारे भोंगेकाका

फेरीबोटीवर बावीस वर्षं सूचना देणाऱ्या भोंगेकाकांचं बोलणं एकाही प्रवाशाने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे, जॅकेटं कुठे, हे ते रोज जीव तोडून सांगत आणि लोक खिडकीची जागा पकडण्यात गुंग असत. म्हणूनच काकांची खोड इतकी वर्षं झाकून राहिली. 'जा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. लहानपणी त्यांचे वडील घाईघाईत 'येतो' म्हणायचं सोडून 'जातो' म्हणाले, बोटीवर गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हापासून काकांना त्या शब्दाची भीती वाटे, अगदी खरीखुरी.

आज तपासणीचे साहेब आले. "सराव घ्या. पाच मिनिटांत सगळे मागच्या डेकवर दिसले पाहिजेत. नाहीतर उद्यापासून सूचना मशीन देईल," त्यांनी बजावलं. काकांचा माइक गेला तर घरी बसून बायकोला सूचना देणं आलं, आणि ती तर मुळीच ऐकत नसे.

घंटा वाजली. कागदावर 'मागच्या दाराने जा' असं स्पष्ट लिहिलं होतं. काका म्हणाले, "मंडळी, घाबरू नका. या! सगळे या!"

नेमकं आजच लोकांनी ऐकलं. आवाज वरच्या केबिनमधून येतोय म्हटल्यावर दोनशे माणसं जॅकेटं चढवून तिकडेच निघाली. जिना तुंबला. सगळ्यांत पुढे एक आजीबाई होत्या, त्या थेट काकांच्या खुर्चीत बसल्या.

"आजी, इथे नाही, मागे!"

"अहो, तुम्हीच बोलावलंत आणि आता हाकलता होय?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. सगळ्यांना जागेवर बसवून ते म्हणाले, "शेवटची संधी. 'जा' म्हणा. एका अक्षराचा तर शब्द आहे!"

पुन्हा घंटा वाजली. काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी बॅटरीवरचा कर्णा उचलला, धडधडत जिना उतरले, मागचं दार सताड उघडलं आणि डेकवर उभे राहून ओरडले, "या मंडळी, या!"

मंडळी आली. तीन मिनिटांत डेक भरला. पुढे पुन्हा आजीबाईच.

साहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'सूचना दारात उभं राहूनच द्यावी. मशीन नको.'

"बरं, जातो मी," म्हणत ते शिडीकडे वळले.

काकांच्या काळजात धस्स झालं. त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "साहेब, येतो म्हणा!"

साहेब थबकले. अख्खा डेक त्यांच्याकडे बघत होता.

"येतो हो," साहेब म्हणाले, आणि काकांचा जीव भांड्यात पडला.