कानबाईचं शेवटचं कडवं

चुनरी आली, साठ रुपये. हार आले, एकशे वीस. केळीचे खांब लोणखेड्याच्या मावसबहिणीकडून, फुकट.

गाणारी तेवढी आली नाही.

उद्या कानबाई बसणार आणि मोठीबाई घरात नाही. वैशाखात गेली. हे पहिलंच वर्ष.

मोठीबाई म्हणजे माझी जेठाणी, मोठ्या दिरांची बायको. मी दहावी झालेली, ती शाळेची पायरीही न चढलेली. पण कानबाईची गाणी अख्ख्या म्हसावदमध्ये तिच्याइतकी कोणाला येत नव्हती.

बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्याकडे श्रावणात रविवारी नारळाची कानबाई बसवतात. रात्रभर गाणी. सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवण.

काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत सिनेमाचं शूटिंग झालं. दिग्दर्शक पुण्याची एक ताई. तिला कानबाईचा सीन हवा होता, तोही ऐन थंडीत. मोठीबाईला म्हणाली, "फक्त बसायचं आणि गायचं, आजी."

मोठीबाई बसली. हळद लावली, दिवा लावला, सवयीने हात जोडले. गायली.

"कट! मस्त झालं. उठा आजी, चहा घ्या."

"मी काय आठून उठस? कानबाई बसनी शे."

"अहो आजी, तो नारळ आमचा आहे. शूटिंगचा. बाजारातून आणलाय."

"बजारना व्हये नहीते घरना. हायद लागनी, दिवा लागना, मी हात जोडात. ती वनी. आते सकाय नदीवर लई जानं पडी."

मी पदर ओढून म्हटलं, "बाई, कानबाई आली म्हणतेस, पण लोक काय म्हणतील? श्रावण नाही, काही नाही."

"तू गप वं. देवले पावनी बलाई आनि चहा पीसन उठी जाऊ?"

झालं! सगळं युनिट रात्रभर आमच्या ओसरीवर. लाइटवाले टाळ्या वाजवतायत, मेकअपवाली फुगडी खेळतेय.

सकाळी रोट झाले, कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या. आता आला का प्रश्न! कानबाईचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, परक्याला द्यायचा नाही. ही एवढी माणसं तर कुठकुठली. आमचे चुलत सासरे घसा खाकरायला लागले.

मोठीबाईने त्यांच्यासमोरच ताटं मांडली.

"रात जागात ना ह्या? मंग ह्या आते मन्हा भाऊबंदच."

सासरेही ताटावर बसले. ती दिग्दर्शक ताई रडायलाच लागली.

मग नदीवर गेलो. मोठीबाईने चौरंग डोक्यावर घेतला आणि बोळवणीचं गाणं सुरुवातीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं. ताईने कॅमेरा चालू ठेवला होता. हे त्यांच्या गोष्टीत लिहिलेलंच नव्हतं. पण तोच सिनेमाचा शेवट झाला.

पुढे एक दिवस माझी मुलगी वर्षा हिचा फोन आला. "आई, आपला सिनेमा ऑस्करला चाललाय! भारतातर्फे!"

फोन स्पीकरवर होता, मोठीबाई शेजारी शेंगा फोडत होती. "भारततर्फे म्हंजे?"

मी म्हटलं, "प्रत्येक देश आपला एकच सिनेमा पाठवतो, बाई. आपल्या देशाने हा निवडला."

"इतला मोठा देसमाईन एकच?"

"एकच."

तिने शेंगा बाजूला केल्या, देवघराकडे पाहून हात जोडले. मग विचारलं, "तठला लोकेसले आपली बोली कशी समजी?"

"खाली इंग्रजीत लिहून येतं."

"मंग लिखनारले इचारं, शेवटलं कडवं बराबर लिखं का."

बक्षीस मिळालं नाही. पुढच्या यादीतही नाव लागलं नाही. मी घाबरत सांगितलं, तर म्हणाली, "जाऊ दे. जाई तं वनी ना." तिच्या लेखी कानबाई तिथवर जाऊन आली होती.

तिला हवं होतं वेगळंच. तिला तो सिनेमा एकदा बघायचा होता. "मी कशी दिखस ते माले दखनं शे," म्हणायची. ताईने गावात पडदा लावून दाखवते म्हणून कबूल केलं होतं. मोठीबाईने त्या दिवसासाठी हिरवी साडी घडी न मोडता ठेवली होती.

टॉकीजला तो लागलाच नाही. वर्षाच्या फोनवर एक लिंक आली होती, ती उघडेपर्यंत मुदत संपली. देशाने सिनेमा साता समुद्रापार पाठवला, पण म्हसावदपर्यंत तो आला नाही.

हिरवी साडी आम्ही तिला शेवटी नेसवली.

तरी होती तोवर दर कानबाईला ती ताईला रोटाचा तुकडा पोस्टाने पाठवायची. पत्ता माझ्याकडून लिहून घ्यायची. "भाऊबंद शे ती," म्हणायची. गेल्या वर्षीचं पाकीट परत आलं. ताईने घर बदललं असावं. फोनही लागत नाही.

आज दुपारी मी ते गाणं म्हणून पाहिलं. तीन कडवी आली. पुढे येईना. जन्मभर मी तिच्या मागून म्हणत आले, मागून म्हणणारीला पुढचं कुठून येणार? शेजारणींना विचारलं. त्याही तिच्या मागूनच म्हणायच्या. दर वर्षी ती गाणारच, म्हणून कोणी फोनमध्ये भरून घेतलं नाही.

म्हणजे ते कडवं आता एकाच ठिकाणी आहे. त्या सिनेमाच्या शेवटी, नदीवर, तिच्या आवाजात.

सोमवारी मी तीनच कडव्यांवर कानबाईला निरोप देणार. कानबाई आईला सांगेन, पुढच्या वर्षी पूर्ण म्हणते.

ताई, ही पोस्ट फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचली तर एवढं करा. सिनेमा नाही पाठवलात तरी चालेल, शेवटचं तेवढं गाणं पाठवा. रोटाच्या दळणात माणसागणिक मूठ गहू घेतो, त्यात तुमच्या नावाची मूठ मी आजही धरली आहे.

मोठीबाई, तुझी जागा चौरंगाच्या उजवीकडे रिकामी ठेवते. तिथे कोणी बसणार नाही.

ताई, घर तेच आहे, पत्ता तोच आहे. उलट टपाली कळवावे.